भोकं नसलेली बटणं

मी औषधाची डबी बोलतेय. साधीसुधी समजू नका हं! माझ्या झाकणात मोजणीयंत्र आहे. झाकण उघडलं की आकडा एकाने वाढतो. त्यामुळे माझं नाक जरा वरच असायचं.

संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी घ्यायला सांगून मला एका शिंप्याच्या हाती दिलं. बिचाऱ्याचा चेंडू झाला होता. मनाच्या दवाखान्यात म्हणत, "आधी दारू सोड, मग उदासीचं बघू." व्यसनमुक्तीवाले म्हणत, "आधी मन ताळ्यावर आण." बाईंना मात्र दोन्ही दुखणी असलेलेच लोक हवे होते. अशी माणसं मध्येच गळतात, म्हणून त्यांच्यावर अभ्यास करायला कुणी धजत नव्हतं.

साठ दिवसांनी माझा आकडा साठ! बाई हरखल्या. "एकही दिवस चुकला नाही!"

शिंपी खाली बघत बसला. मला सगळं ठाऊक होतं, पण तेव्हा फक्त मोजता येत होतं.

इतक्यात सोबत आलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने पिशवीतून बटणांचा पत्र्याचा डबा काढून टेबलावर आपटला. "बाई, हा दीडशहाणा काल गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला गोळी शिवत होता. तीन सुया मोडल्या! मी म्हटलं, अरे, या बटणाला भोकं कुठायत?"

डब्यात पांढऱ्या बटणांमध्ये तेवीस पांढऱ्या गोळ्या निघाल्या.

"प्यायलो की गोळी घ्यायची भीती वाटायची," शिंपी पुटपुटला. "मग ती बटणांत टाकायचो. पण झाकण रोज उघडलं. आकडा चुकला तर अभ्यासातून नाव काढाल, मग पुन्हा तेच हेलपाटे."

"काढाच याचं नाव!" बहीण कडाडली. मग हळूच म्हणाली, "नको हो, नका काढू."

बाईंनी डब्यातल्या गोळ्या पुन्हा मोजल्या. माझ्यासारख्या चाळीस डब्या वाटलेल्या. आता सगळ्यांचेच आकडे संशयात. वर्षाची मेहनत पाण्यात. शेवटी त्यांनी तक्ता पुढे ओढला आणि नवा रकाना आखला: 'गोळी का घेतली नाही?'

"नाव राहू दे. हा रकाना तुमच्यापासूनच सुरू करू. पहिला चुकलेला दिवस कोणता?"

शिंपी बोटांवर मोजू लागला.

आता माझं यंत्र बंद पडलंय. शिलाई मशीनवर बसून बटणं सांभाळते. तो अजूनही कधीकधी पितो. पण दर मंगळवारी बाईंकडे जाऊन चुकलेले दिवस स्वतःच्या तोंडाने सांगतो.

विनवणी एवढीच: डबीचा आकडा जरूर बघा, पण खरं सांगणाऱ्याला दार दाखवू नका. आणि हो, या शिंप्याकडून सदरा घेतलात, तर बटणांना भोकं आहेत ना, तेवढं बघून घ्या.