अकरा पायपुसणी

घराच्या तपासणीची चिठ्ठी आली की आमच्या सेंट अल्बन्स या उपनगरातली अर्धी गल्ली खिडक्या पुसायला लागते. भाड्याची घरं, दर सहा महिन्यांनी मालकाचा एजंट येणार, फोटो काढणार. पण माझी थोरली बहीण चेन्सा म्हणजे कळसच! ती ओव्हन सरकवून मागची भिंतसुद्धा घासते. एजंट काय ओव्हन ओढून बघणार आहे? पण तिला सांगायचं कुणी.

त्या घरात ती बावीस वर्षं राहतेय. कार्पेट तिच्याही आधीचं. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट पहिल्यांदा विरली, तेव्हा तिनं नवऱ्याच्या जुन्या शर्टांच्या चिंध्या विणून पायपुसणं केलं आणि त्यावर टाकलं. मग सोफ्यापुढं भोक पडलं, तिथं दुसरं. मग पलंगाशी. तपासणीच्या सकाळी सगळी पायपुसणी झटकून रेषेत मांडायची.

"अगं, भोकं दिसू दे की त्यांना," मी म्हणायचे.

"आल्यागेल्याला फाटकं दाखवतात का, स्टेला? आईनं हेच शिकवलं का आपल्याला?"

गेल्या जूनमध्ये त्याच वाटेवर कार्पेटच्या सुटलेल्या दोऱ्यांत तिच्या पायाचा अंगठा अडकला. मनगट मोडलं. तिचा मुलगा रेमंड धावत आला आणि चौथ्या दिवशी त्यानं वृद्धाश्रमाचा फॉर्म टेबलावर ठेवला.

"मा, ख्रिसमसपर्यंत कार्पेट बदललं नाही तर तुला इथं ठेवणार नाही. पुढच्या वेळी कंबर मोडेल."

प्लास्टर घातलेल्या हातानंच चेन्सानं पास्तिझीचं, चीज भरलेल्या खुसखुशीत पुड्यांचं, ताट त्याच्यापुढं सरकवलं. मला भडभडून आलं आणि रागही आला. तिचं अंजिराचं झाड, तिचे शेजारी, तिचं चर्च, सगळं त्या फॉर्मवर एका सहीनं जाणार होतं.

मी एजंटला पत्र लिहिलं. टेगन नावाच्या मुलीचं उत्तर आलं: बावीस वर्षांत एकही तक्रार नाही, प्रत्येक तपासणीत कार्पेट 'नीटनेटकं' अशी नोंद आहे, आणि बाई पडल्या असतील तर स्वतःच्याच पायपुसण्याला अडखळून.

स्वतःच्याच! माझं डोकंच फिरलं. मी थेट भाडेकरूंच्या न्यायाधिकरणात अर्ज टाकला. चेन्सा घाबरली. "कशाला उगाच? मालक घर खाली करायला सांगेल."

"घर नीट राखणं मालकाचं काम आहे. वापरून झिजलेलं तुझ्या माथी मारता येत नाही. तू काय फुकट राहतेस?"

सुनावणी फोनवर, चेहरे दिसतील अशी. स्वयंपाकघरात फोन साखरेच्या डब्याला टेकवून आम्ही दोघी बसलो. चेन्सानं मोत्यांची माळ घातली होती. निकाल देणाऱ्या बाई शांत होत्या. टेगननं वर्षावर्षाचे फोटो पडद्यावर लावले. "बघा ना, किती छान ठेवलंय घर. कुठं आहे भोक?"

बहिणीच्या नीटनेटकेपणानंच तिचा घात केला होता. फोटो सरकत होते, मी नुसती बघत होते. आणि बघता बघता मला दिसलं.

"बाई, थांबा! पहिला फोटो परत लावा. पायपुसणी मोजा."

"एक," बाई म्हणाल्या.

"आता पाच वर्षांनंतरचा."

"चार."

"आणि या वर्षीचा?"

बाईंनी चष्मा सारखा केला. सगळ्या खोल्यांचे फोटो पुढं-मागं करून मोजायला त्यांना वेळ लागला. "अकरा. मिसेस झेराफा, एवढी कशाला लागतात हो तुम्हाला?"

चेन्साचे कान लाल झाले होते. मी मध्ये पडले नाही, कारण हे उत्तर तिचंच होतं. मग ती उठली, फोन हातात घेतला, दाराशी गेली आणि मोडून सांधलेल्या हातानं एकेक पायपुसणं उचलत निघाली. खाली उघडी लाकडी जमीन, कडेला लोंबणारे दोरे. बावीस वर्षांत कुणालाही न दाखवलेलं तिनं सगळं दाखवलं.

"प्रत्येक भोकावर एक विणलं," ती म्हणाली. मान ताठ होती. "लाज वाटायची. मला वाटायचं, ही माझी लाज आहे. पण कार्पेट काही माझं नाही, बाई. पायपुसणी माझी आहेत."

टेगन खाली बघत होती. बाईंनी आदेश दिला: कार्पेट मालकानं बदलायचं, मुदत सहा आठवडे. मी चेन्साला मिठी मारली तर ती म्हणाली, "हळू, माळ तुटेल."

नोव्हेंबरात नवं कार्पेट आलं, करड्या रंगाचं, दाट. रेमंड त्यावरून दोनदा चालला, एकदा टाच दाबून बघितली, आणि वृद्धाश्रमाचा फॉर्म फाडून खिशात घातला.

फेब्रुवारीत तपासणी. टेगन आली, दारातच थबकली. "पायपुसणी कुठं गेली?"

"धुऊन कपाटात ठेवलीत. बूट काढ आणि ये आत."

तिनं बूट काढले. सगळ्या खोल्यांतून फिरली, फोटो काढले, मग फॉर्मवर कार्पेटच्या रकान्यात 'नीटनेटकं' लिहायला लागली. चेन्सानं तिचा हात धरला.

"तसं नको. लिही, 'सगळं दिसतंय.'"