गुरुवारी खोकणारी मोटार

हबीब मिस्त्री मोटारीत परत आले आहेत, ही बातमी रोशन गेटपासून शहागंजापर्यंत पोहोचायला एक सकाळ पुरली. पाचव्या गुरुवारी आमच्या मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यासमोर उभं राहायला जागा नव्हती. टांगेवाले टांगे सोडून आले होते, हिमरू विणणारे माग सोडून आले होते, आणि शेजारची बानाबाई धनगरीण मेंढरांसकट आली होती. फसली तेराशे अठ्ठेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीस-एकोणचाळीस साल होतं. शहरात मोटारी मोजक्या, त्यात शर्यतीची लाल मोटार एकच. एका जहागीरदारांना तिचा कंटाळा आला तेव्हा ती त्यांनी अब्बांना देऊन टाकली होती. पंधरा वर्षांची, दोनच माणसांची, बिनछताची.

हबीब मिस्त्री म्हणजे माझे अब्बा. त्यांना जाऊन तेहतीस दिवस झाले होते.

मोटारीच्या टपावर, म्हणजे इंजिनाच्या झाकणावर, फुलांची चादर होती. टप उघडून अम्मीनं गुलाबदाणीतून इंजिनावर गुलाबपाणी शिंपडलं, कबरीवर शिंपडतात तसं, हळूहळू आणि भरपूर. मग लोबानाच्या धुरातून धूरबाबा पुढे आले, दर गुरुवारी येत तसे. हिरवा चोगा, भगवी टोपी, पायात लाकडी खडावा. नाव विचारलं तर हिंदूंना एक सांगायचे, मुसलमानांना दुसरं, आणि जमादार दिसला की नावच विसरायचे.

"मिस्त्री," बाबांनी इंजिनात तोंड घालून विचारलं, "आये क्या?"

बानाबाईनं हँडल फिरवलं. हे काम तिचंच होतं, कारण तिच्यासारखा दंड गल्लीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. इंजिन ठस्स करून थांबलं. पुन्हा फिरवलं. ठस्स, ठस्स, फट्, आणि मागून काळ्या धुराचा एक गोळा आला.

"तंबाखू खाल्ल्यावर अस्साच ठसका लागायचा त्यांना," अम्मी म्हणाली आणि पदराला डोळे टिपले. गर्दीतल्या चार बायकांनीही टिपले. त्यांनी अब्बांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"हौ मिस्त्री, हौ, समझ गया मैं," बाबा मान डोलावत म्हणाले. "मिस्त्री म्हणतात, माझ्या माणसांना भेटायचंय. या, एकेक जण या. डावा हात मिस्त्रीच्या खांद्यावर." खांदा म्हणजे मडगार्ड. "उजव्या हातानं ही नस धरा." नस म्हणजे इंजिनावरून गेलेली तार.

नवाब टांगेवाला पुढे झाला. बानाबाईनं हँडल मारलं आणि नवाब वीतभर उडून मागच्या मेंढीवर बसला.

"काटा मेरेकू," तो हात झटकत म्हणाला.

"काटा नक्को बोल. चूमा बोल. तुझ्यावर जीव होता त्यांचा."

"मेरे पे कायकू? मैं तो उनकू कभी टांगे में बी नहीं बिठाया."

मग बाबांनी स्वतः तीच तार उजव्या हातात धरली. डावा हात माळेसकट आभाळाकडे. हँडल फिरलं, बाबांच्या मिशीचा केसही हलला नाही. गर्दीतून 'सुभानल्ला' आणि 'हर हर महादेव' एकाच दमात निघालं. शेवटी बाबांनी खांद्यावरच्या कोरड्या रुमालानं चारी तारा नीट पुसल्या. "मिस्त्रीचे आसू पुसतो," म्हणाले. आणि मोटार पहिल्याच हँडलला सुरू झाली, एकसारखी, बिनतक्रार.

इथवर हसण्यासारखं होतं. पण पुढच्या गुरुवारी चाळिसावा, म्हणजे अब्बांना जाऊन चाळिसावा दिवस होता, आणि बाबांना हुकूम झाला होता की त्या दिवशी मोटार खुलताबादच्या डोंगरावर न्यायची, तिथे तिच्यावर मांडव घालायचा, आणि मिस्त्रीच्या बेवेनं, विधवेनं, म्हणजे अम्मीनं उरलेला जन्म तिथेच झाडलोट करत काढायचा. अम्मीनं ट्रंक भरायला घेतली होती. जेवणाचं ताट ती रोज मोटारीपाशी नेऊन बसायची आणि तसंच परत आणायची. मशिदीच्या पेशइमामांनी येऊन समजावलं, "जैतुनबी, रूह अल्लाकडं जाते. मोटारीच्या टपाखाली नाही." अम्मीनं त्यांना चहा दिला आणि विचारलं, "पण तुम्ही त्यांचा ठसका ऐकला का?"

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. चार पुस्तकं वाचली होती आणि अब्बांच्या हाताखाली पाने-पकडी द्यायचं काम लहानपणापासून केलं होतं. मला एवढंच खटकत होतं की अब्बा गुरुवारीच का येतात. बुधवारी हँडल मारलं की मोटार दुसऱ्या फेऱ्याला सुरू व्हायची. जिवंतपणी अब्बांनी वार पाळल्याचं मला आठवत नव्हतं.

म्हणून शुक्रवारी अम्मी नमाजाला बसलेली असताना मी गुलाबदाणी घेतली आणि इंजिनावर भरपूर शिंपडलं. बानाबाईनं हँडल मारलं. ठस्स, ठस्स, फट्.

"आगं बया," बानाबाई म्हणाली, "आज जुम्मा हाय ना?"

मी ओढणीनं तारा कोरड्या पुसल्या. मोटार सुरू झाली. ना बाबा, ना लोबान. मग इंजिन बंद करून पुन्हा शिंपडलं, टपावरून जाड गोधडी टाकली, आणि आम्ही दोघी आळीपाळीनं एकीनं हँडल मारायचं आणि दुसरीनं गोधडीखाली डोकं घालायचं असं केलं. आतल्या अंधारात दिसलं. ज्या तारांतून ठिणगी पेट्रोल पेटवणाऱ्या प्लगपर्यंत जायला हवी, त्यांच्यावरचं रबर वाळून चिरलं होतं, आणि प्रत्येक चिरेतून निळी ठिणगी बाहेर पडून ओल्या लोखंडावर उड्या मारत होती. प्लगपर्यंत पोचतच नव्हती.

"ही तर गळकी पखाल हाय," बानाबाई गोधडीतून बोलली. "पानी वाटंतच सांडतंय, तर रांजन भरंल कसा?"

याहून चांगलं मी शाळेत कधी शिकवलं नाही.

मी धावत जाऊन अम्मीला आणलं, सगळं करून दाखवलं. तिनं गोधडीखाली बराच वेळ पाहिलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"म्हंजे ते शुक्रवारी पण येतात," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं की चिरा दाखवून भागणार नाही. तारा बदलायला हव्यात.

गुलमंडीजवळ मल्हाररावांचं मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. अब्बा आणि ते वीस वर्षं एकमेकांशी भांडत होते, त्यामुळे दोस्ती पक्की होती. मी जुनी एक तार टेबलावर ठेवली.

मल्हाररावांनी ती पेन्सिलीभोवती वाकवली. रबराचे तुकडे गळून पडले. "मिस्त्री दोन वर्षं म्हणत व्हते, बदलतो बदलतो," ते म्हणाले. "दुसऱ्यांच्या मोटारी आधी, सोताची मागून. बोल बेटी, चालणारी तार पाहिजे का पूजेची?"

"पूजेची असते?"

त्यांनी हिरवं रेशीम गुंडाळलेली तार काढली. "धूरबाबांची दम केलेली, म्हंजे मंतरलेली. माझ्याकडं ठिवायला दिली. रेशीम सोड, आत बघ." आत दिव्याची साधी बारीक तार होती. "दिव्याला ही बरी. पण प्लगची ठिणगी दांडगी. असल्या पातळ कापडातनं ती सरळ बाहेर येणार. मलमलच्या सदऱ्यातनं घाम येतो तशी."

"आणि ती काळी?"

"ही घे. करंगळीएवढं जाड रबर, वरून वार्निस लावलेली वीण, आत तांब्याचे बारीक पुष्कळ केस. एकच जाड केस असला तर हादऱ्यानं तुटतो. वाकव पेन्सिलीभोवती."

मी वाकवली. काही गळलं नाही.

"चारी एका मापाच्या कापू नको. जुन्यांच्या मापानं काप. लांब राहिली तर धुराच्या नळीवर पडून जळते, आखूड राहिली तर ताणून निसटते. आन कुठली तार कुठल्या प्लगाची, खूण कर."

"ते माहीत आहे मला."

"मिस्त्रीबी असंच म्हनायचे," मल्हारराव म्हणाले आणि तार मापायला खाली वाकले.

खूण मी केली होती. पहिल्या तारेला एका गाठीचा दोरा, दुसरीला दोन गाठींचा, अशी. पण बुधवारी तारा बसवताना तीन आणि चार उलट लागल्या. बानाबाईनं हँडल मारलं आणि मोटारीनं असा बार काढला की तिची सगळी मेंढरं शहागंजाच्या घड्याळापर्यंत जाऊन थांबली. ती हाकून आणेपर्यंत मी तारा बदलून ठेवल्या. आल्यावर ती म्हणाली, "मास्तरीनबाई, आकडे तुम्हीच शिकवता नव्हं?"

गुरुवारी गर्दी दुप्पट होती. अम्मीची ट्रंक मोटारीच्या मागच्या बाजूला दोरीनं बांधलेली होती. मी अम्मीला सांगितलं, "आज तू हवं तेवढं गुलाबपाणी शिंपड. एक थेंब ठेवू नको." तिनं ठेवला नाही.

बाबांनी विचारलं, "मिस्त्री, आये क्या?"

बानाबाईनं हँडल मारलं. मोटार सुरू झाली, एकसारखी. ठसका नाही, बार नाही.

बाबांनी माळेचे दोन मणी ओढले. मग म्हणाले, "खूश हैं मिस्त्री. निघायची घाई आहे."

"मग भेटू द्या की माणसांना," मी म्हणाले. "नवाबभाई, या."

"मैं नक्को," नवाब म्हणाला. पण लोकांनी ढकलला. त्यानं डोळे मिटून मडगार्डवर हात ठेवला, तार धरली, आणि तसाच उभा राहिला. एक डोळा उघडला. "रूठ गये क्या?"

"पोरीनं बेअदबी केली," बाबा गरजले. "रूह निघून गेली."

मी इंजिन बंद केलं. पहिली नवी तार काढून तिथे जुनी लावली, तिच्यावर बादलीतलं साधं पाणी ओतलं. पुन्हा हँडल. ठस्स, फट्, ठस्स. तीन प्लगांवर मोटार लंगडत चालली.

"आले परत," मी म्हणाले. "ही तार काढली की जातात, लावली की येतात. बाबा, तुम्ही धरा. तुम्हाला चावत नाहीत ना?"

बाबांनी मोठ्या ऐटीत उजव्या हातानं जुनी तार धरली. डावा हात आभाळाकडे गेला.

"तो हात खांद्यावर ठेवायचा राहिला," मी म्हणाले.

"फकिराला खांदा लागत नाही."

"लोकांना लागतो आन तुम्हाला नाय व्हय?" बानाबाई म्हणाली. "ठिवा की." आणि तिनं त्यांचा माळेचा हात मनगटाला धरून मडगार्डवर टेकवला, बैलाचा खूर नालबंदासमोर ठेवतात तसा, आणि आपला हात चटकन काढून घेतला.

धूरबाबा खडावांतून वर उडाले. खडावा जागीच राहिल्या. खाली येताना त्यांनी जी शिवी दिली ती कुठल्याच धर्मग्रंथात नाही, पण लॉरीच्या अड्ड्यावर रोज ऐकू येते.

"अरे, ये तो लॉरी का क्लीनर है," नवाब म्हणाला. "आवाज पयचान्या मैं."

मी लोकांना सांगितलं ते एवढंच. चिरलेली तार ओली झाली की ठिणगी बाहेर गळते. एका हातानं ती तार धरली आणि दुसरा हात मोटारीच्या लोखंडाला असला, तर ठिणगी माणसाच्या अंगातून लोखंडात उतरते. दुसरा हात हवेत असला आणि पायाखाली कोरडं लाकूड असलं, तर तिला धड वाट मिळत नाही. रुमालानं पुसलं की पाणी जातं, मोटार चालते. ज्यांना पटत नव्हतं त्यांना मी गोधडीखाली घातलं. दुपारपर्यंत रांग होती. बाबा मात्र थांबले नाहीत.

गर्दी पांगल्यावर अम्मी मोटारीपाशी आली. जुनी तार तिनं हातात घेतली.

"म्हंजे ते माझ्याशी बोलत नव्हते," ती म्हणाली.

मला खोटं बोलायचा मोह झाला. तो चमत्कार मलाही हवा होता, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

"नव्हते, अम्मी."

तिनं तार पदरानं पुसली. मग म्हणाली, "मोटारीवर पाणी टाकलेलं त्यांना कधीच खपायचं नाही. माझ्या ध्यानात यायला हवं होतं." ट्रंकेची दोरी तिनं स्वतः सोडली, आणि त्या दिवशी चाळिसाव्याचं जेवण आम्ही घरात, शेजारी-शेजारी बसून जेवलो.

वाचकांना माझं सांगणं एवढंच आहे. आपलं माणूस गेल्यावर कान प्रत्येक आवाजात त्याला शोधतात, आणि अशा कानांवर टपलेले लोक गावोगाव आहेत. म्हणून दुःखातसुद्धा विचारावं की हे असं का होतं, कशानं होतं, आणि दुसऱ्या वारी होतं का. विचारल्यानं गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही. माझे अब्बा तर मोटार बंद पडली की आधी टप उघडून तारा बघायचे.