काठी टेकत येणारे सर

फॉरेन्सिक सायकॉलॉजीचे, म्हणजे गुन्हेगारी मानसशास्त्राचे, जेवढे अभ्यासक्रम मी धुंडाळले, त्यांत माझ्यासारख्या रसायनशास्त्राच्या पदवीधराला दारात उभं करणारं एकच कॉलेज निघालं. बाकी सगळ्यांना मानसशास्त्राची पदवी हवी होती. आणि नेमकं हेच कॉलेज मला खटकत होतं. त्यांच्या संकेतस्थळावरचे सगळे विद्यार्थी एकाच जिन्यावर उभे राहून हसत होते. काहीही विचारा, ऑफिसचं उत्तर लगेच हजर. कॉलेजचं ऑफिस इतकं तत्पर असतं कुठे? अर्जाची मुदत आज संध्याकाळी संपत होती.

"मुलगी बघायला गेलात तरी एवढी चौकशी करणार नाही, भाऊजी," वहिनी इस्त्री करता करता म्हणाली.

ऑफिसने एका माजी विद्यार्थिनीचा नंबर दिला होता. ती खरी की पढवलेली, हे ताडायला मी सापळा लावला. काल फोनवर गप्पांच्या ओघात विचारलं, "तुमचे ते काठी टेकत येणारे सर अजून शिकवतात का?" असे कोणी सर नव्हतेच. मीच त्यांना जन्माला घातलं होतं.

"हो हो, शिकवतात ना. कडक आहेत, पण चांगले आहेत."

चोर सापडला! अर्ज भरायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

पण मनाला स्वस्थता नव्हती. प्रयोगशाळेत कुठलीही नवी चाचणी आधी खात्रीच्या नमुन्यावर करून बघतात. ती पायरी मी गाळली होती. खात्रीचा नमुना समोरच इस्त्री करत होता.

"वहिनी, आपल्या जुन्या घरमालकांचा तो एका डोळ्याचा कुत्रा गेला म्हणे."

"अरेरे, गेला? किती भुंकायचा मेला!"

घरमालकांकडे कुत्रा कधीच नव्हता. तसं सांगितल्यावर तिने इस्त्री खाली ठेवली. "म्हणजे मी खोटारडी?"

"तू नाहीस. माझा प्रश्न लबाड होता."

म्हणजे चाचणीच फुकट गेली. कॉलेज खरं की खोटं, हे मला अजूनही कळलेलं नव्हतं. मी त्या माजी विद्यार्थिनीला पुन्हा फोन लावला. या वेळी फक्त 'तुमचा पहिला दिवस कसा गेला, सांगा,' एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं, असं ठरवलं होतं. पण तिनेच मला गाठलं.

"बरं झालं फोन केलात. ते काठीवाले सर कोण हो? काल मी हो म्हणून गेले, मग डोक्यात किडा वळवळत राहिला. वर्गातल्या दोघींना विचारलं. असं कोणी नाहीच. तुम्ही नक्की कोण आहात?"

मी खरं ते सांगितलं.

"हातातलं काम टाकून तुमच्याशी बोलले, आणि तुम्ही माझीच परीक्षा घेतलीत? अहो, तुमच्यासारख्याला कैद्यासमोर बसवलं तर तो बिचारा न केलेला गुन्हाही कबूल करेल!" तिने फोन ठेवला.

"काय म्हणाली?" वहिनीने विचारलं.

"सणसणीत झापलं."

"मग आता?"

"पढवलेली बाई गिऱ्हाइकाला झापत नाही, वहिनी."

मी अर्ज उघडला. 'हा अभ्यासक्रम का निवडला?' या प्रश्नाखाली रात्रंदिवस घोटून लिहिलेली दोन पानं होती. ती पुसली. 'प्रश्न कसे विचारायचे ते मला येत नाही,' एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.