पाऊण तासाचं विमान

किसुमूहून नैरोबीला बसने आठ तास लागतात, विमानाने जेमतेम पाऊण तास. म्हणून या खेपेला मी हट्टाने विमानाचं तिकीट काढलं. पण आमच्या घरातून प्रार्थनेशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही, आणि प्रार्थनेचा मान ओगेन्दोकाकांचा!

"काका, आज थोडक्यात आटपा हं. टॅक्सी दारात उभी आहे."

"आकेयो, देवाला घाई करतात का गं? मिट डोळे."

सगळ्यांनी डोळे मिटले. काकांनी आधी पावसाचे आभार मानले, मग तळ्यातल्या माशांचे. मग गायीचा सुजलेला पाय आला. मी खोकले, तर काकूने मलाच चिमटा काढला. टॅक्सीवाल्याचं यंदा लग्न जमू दे, असं काका म्हणाले, तेव्हा दारातून खणखणीत "आमेन" ऐकू आलं. म्हणजे तोही मेला आतल्यांना सामील!

"आता, देवा, हिचं विमान," काका म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांनी प्रार्थनेत आधी वैमानिकाची नजर घेतली, मग उजवा पंख, डावा पंख, एकेक चाक. ते शेपटाशी पोचतात तोच डोक्यावरून घरघर करत काहीतरी गेलं आणि छपराचे पत्रे थरथरले.

"काका, गेलं ना माझं विमान!"

काकांनी डोळे न उघडताच हात वर केले.

"सुखरूप उडालं, देवा, तुझे उपकार! आकेयो, आता बसचा रस्ता फार लांबचा. मिट डोळे."