गिलफिलनसाहेबांचा किडा

किर्कब्रेच्या विहिरीचं पाणी इतकं दाट, की त्यात चमचा उभा राहायचा, आणि गावाला त्याचाच अभिमान. विहीर चर्चच्या कबरस्तानाखाली, ऐन उतारावर. नगराध्यक्ष गिलफिलन छाती फुगवून म्हणायचे, "या पाण्यात आमच्या पूर्वजांचे संस्कार आहेत." खोटं कशाला बोला? संस्कारच काय, अख्खे पूर्वज झिरपत झिरपत त्यात उतरले होते.

गावचे डॉक्टर हेक्टर मॅकफेल यांना पटकीची साथ येण्याआधी ही विहीर बुजवायची होती. पण डॉक्टरांचा अर्धा जीव रोग्यांत, तर अर्धा किड्यांत. एकदा त्याच पाण्याच्या थेंबात, भिंगाखाली, त्यांना एक केसाळ, ढेरपोट्या जीव दिसला. जगात कुणीही न पाहिलेला! आयुष्यभर डबकी उपसून हाती लागलेला पहिला नवा किडा. अशा किड्याला एखाद्या बड्या माणसाचं नाव द्यायची निसर्गशास्त्रज्ञांत रीतच आहे. डॉक्टरांनी बेत केला: नाव नगराध्यक्षांचं द्यावं. गडी खूश होऊन भिंगातून बघेल, पाण्यात काय वळवळतंय ते पाहून हादरेल आणि विहीर बुजवेल.

गिलफिलननी भिंगाला डोळा लावला. डोळा पाणावला.

"डॉक्टर, हा... मी?"

"आपल्या नावाचा, साहेब. सबंध जगात फक्त याच विहिरीत सापडतो. असलं पाणी माणसानं—"

"फक्त याच विहिरीत! आणि तुम्ही ती बुजवायला निघालात? माझा वंश बुडवता की काय?"

झालं! विहिरीला लोखंडी कठडा बसला, वर पाटी लागली. एडिंबरोच्या विद्वानांनी टाळ्या वाजवून शोध मान्य केला. लांबून लांबून माणसं येऊन नगराध्यक्षांना पेला भरभरून पिऊ लागली.

पानगळीच्या सुमारास शेजारच्या बंदरात पटकी उतरली.

डॉक्टरांची थोरली बहीण ग्रिझेल म्हणाली, "अभिनंदन रे बाबा! माणसं मेली तरी तुझा किडा अमर."

"ताई, टोचू नकोस."

"नाव दिलंस त्याच तोंडानं ते काढून घे की."

"अगं, पण तो खरंच नवा आहे! माझ्या नावावर तेवढं एकच आहे."

"मग बस त्याला कवटाळून. मी समोरच्या जेनेटच्या पोरांची कफनं शिवायला घेते."

नगरसभेत डॉक्टर उभे राहिले.

"मंडळी, माझी घोडचूक झाली. हा किडा नवा नाही. संडासाच्या कुठल्याही खड्ड्यात सापडतो. जितकी घाण जास्त, तितका हा गुबगुबीत."

हेरिंग मासळीचे व्यापारी टॉड फिसकन हसले. "तरीच म्हटलं, चेहरा ओळखीचा कसा वाटतोय!"

मग सगळी सभाच खो खो हसत सुटली. गिलफिलन बिटासारखे लालबुंद झाले.

"बुजवा ती विहीर! आत्ताच्या आत्ता! एकही जिवंत राहता कामा नये! आणि या डॉक्टरला गावाबाहेर काढा!"

विहीर बुजली, डोंगरावरून नळानं पाणी आलं. पटकी गावात आली, दोन-चार दारं हुंगून परत गेली. तिच्या लायकीचं काही प्यायलाच मिळालं नाही म्हणे. डॉक्टरांची जागा गेली, आणि एडिंबरोत 'संडासातला किडासुद्धा न ओळखणारा शहाणा' अशी कीर्ती झाली.

सामान बांधताना त्यांच्या हाती बाटलीत जपलेले शेवटचे गिलफिलन लागले. पुढेमागे कुणी तपासले असते, तर किडा नवाच आहे हे उघड झालं असतं, आणि कुणी सांगावं, विहीरही पुन्हा उकरली गेली असती. डॉक्टरांनी बाटली चुलीत रिकामी केली. ग्रिझेल बघत होती. ती एक शब्दही टोचून बोलली नाही, आणि डॉक्टरांना तेच फार लागलं.