भागीरथाबाईचा जोडीचा फोटो

नागपूरच्या महाल भागातल्या अनंतकाकांच्या स्टुडिओत उन्हाळ्याच्या सुट्टीत चारुशीला शिकायला गेली, तेव्हा कॅमेऱ्यात फिल्म कशी भरतात हेही तिला ठाऊक नव्हतं. दिवाळीपर्यंत मात्र पोरीने नुसता धुमाकूळ घातला. दहावीचं वर्ष, आई घरी कपाळाला हात लावून बसलेली, आणि ही शाळा सुटली की थेट डार्करूममध्ये. वर्गातल्या शामलाचं मुंडकं तिने पितळी तांब्यातून वर काढलं. यमुताईंना, म्हणजे खुद्द काकूंना, त्यांच्याच चहाच्या कपात गळ्यापर्यंत बुडवून ठेवलं. असली चेटकं करणारीला सासर कुठलं मिळणार, असं काकू म्हणाल्या, तर हिने त्या फोटोची आणखी मोठी प्रत काढून त्यांनाच भेट दिली.

यात जादू अशी काही नव्हती. एका फोटोतलं डोकं पात्याने अलगद कापायचं, कडा मागून घासून पापुद्र्याइतक्या पातळ करायच्या, दुसऱ्या फोटोवर चिकटवायचं, सांध्यावर ब्रश फिरवायचा आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो घ्यायचा. सांधा गायब. काका एकच गोष्ट परत परत बजावत: आधी नाकाखालची सावली बघायची. एकाची सावली इकडे आणि दुसऱ्याची तिकडे पडली, तर माणसं एका फोटोत असूनही एका जागी नसतात.

भागीरथाबाई आली ती नरखेडकडच्या एका खेड्यातून, सकाळच्या एसटीने. चाळिशीची बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, डाव्या नाकपुडीत फुली. नात्यातल्या एका लग्नाचा कापडात गुंडाळलेला जुना ग्रुप फोटो तिने टेबलावर ठेवला. त्यात मागच्या रांगेत तिचा नवरा रुपराव उभा होता, चेहरा करंगळीच्या नखाएवढा. कापूस विकायला म्हणून गेलेला हा माणूस परत आलाच नव्हता. आता बारा वर्षं भरत आली होती, आणि तिच्या दिराने, चंपतरावाने, भटजींना विचारून दिवस काढला होता. बारा वर्षं पत्ता लागला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, माणूस समजून त्याला रीतसर अग्नी देतात, आणि त्या दिवसापासून त्याची बायको विधवा.

"मले जोडीचा फोटो पाह्यजे," ती म्हणाली. "आताचा वाटला पाह्यजे. घरी सांगन, हे नागपुरात भेटले, फोटो काढला, अन् कामावर वापस गेले. जित्या माणसाले कोनी जाळते का?"

अनंतकाकांनी चष्मा काढून पुसला आणि असल्या खोट्यात आपण पडत नाही म्हणून सांगितलं. चारू म्हणाली, मी करते. त्या दिवसांत ती कशालाही हेच म्हणायची. काकांनी चष्मा चढवून ग्रुप फोटो तिच्याकडे सरकवला.

तिने भागीरथाबाईला दिव्यासमोर बसवून फोटो घेतला, शेजारी एका माणसाची जागा सोडली. ग्रुपमधल्या रुपरावाचा फोटो घेऊन तो मोठा केला. कानावरचे केस ब्रशने पिकवले, डोळ्यांखाली वय भरलं, शर्टाची कॉलर रंगवली. कॉलर रंगवताना हात जरा घसरला आणि एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब झालं. असू दे, म्हणाली. पण सावली जुळेना. रुपरावावर लग्नाच्या दिवशीचं ऊन एका बाजूने, भागीरथाबाईवर दिवा दुसऱ्या बाजूने. बाई तर गावी निघून गेलेली. मग चारूने रंगवलेल्या रुपरावाचा पुन्हा एक फोटो घेतला आणि ती निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये, फोटो मोठा करायच्या यंत्रात, पालथी घातली. चेहऱ्याचं डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे आलं, आणि दोन्ही नाकांखालच्या सावल्या एका दिशेला पडल्या. रुपरावाच्या उजव्या गालावर घेवड्याच्या दाण्याएवढा तीळ होता, तो तेवढा डाव्या गालावर गेला. चारूला ते दिसलं. पण तीळ बघायला कोण बसलंय, असं म्हणून तिने उलट त्याला ब्रशने छान उठाव दिला.

भागीरथाबाई न्यायला आली. बराच वेळ फोटो पाहत राहिली. तिळावर तिने बोट ठेवलं, काढलं, आणि फोटो कापडात गुंडाळून घेऊन गेली.

फाल्गुनात, चारूची परीक्षा तोंडावर आलेली असताना, ती पुन्हा आली. भर दुपार होती. काका धंतोलीत एका मुंजीचे फोटो काढायला गेले होते, स्टुडिओत चारू एकटीच. भागीरथाबाईच्या मागून एक माणूस आत आला आणि बाकावर बसला. कानावरचे केस पिकलेले. डाव्या गालावर तीळ. शर्टाच्या कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब.

चारूची नजर त्या टोकावरच अडकली. जगात कुठल्याच शिंप्याने अशी कॉलर शिवली नसती.

भागीरथाबाईने तिला आतल्या खोलीत नेऊन हलक्या आवाजात सगळं सांगितलं. फोटो ओसरीत टांगला, चंपतरावाने तो पाहून पुतळ्याचं रद्द केलं. आल्यागेल्याला फोटो दाखवून झाला. आणि संक्रांतीनंतर हा माणूस एसटीतून उतरून सरळ घरी आला. विहिरीला पाणी किती हातांवर लागलं ते त्याला ठाऊक. मेलेल्या बैलांची नावं ठाऊक. लग्नात कोण रुसलं होतं तेही ठाऊक. पण जेवतो डाव्या हाताने. दाराची कडी चुकीच्या बाजूला चाचपतो. पायजम्याची नाडी उलट्या फाशाने बांधतो.

"गावातले काय म्हणतात?" चारूने विचारलं.

"तीळ तं पयलेपासूनच डावीकडे होता म्हनतात. फोटोत पाहून घे म्हनतात. रोज पाहू पाहू साऱ्याईचे डोये फिरले वं. उजवीकडचा तीळ आता एकट्या मलेच आठवते."

चारूने घाईघाईने ड्रॉवर उघडला. निगेटिव्ह जागेवर होती. मी आत्ता सुलटी घालून पुन्हा छापते, ती म्हणाली, नवा फोटो टांगा, सगळं ठीक होईल. आपण नक्की कशाबद्दल बोलतोय हे तिचं तिलाच कळेना, पण जीभ थांबत नव्हती.

भागीरथाबाईने तिचा हात धरला. "अन् सुलटे करता करता गेले तर? मंग चंपतराव पुतळा करनच."

बाहेर काहीतरी वाजलं. दोघींनी डोकावून पाहिलं. गिऱ्हाइकांनी केस विंचरावेत म्हणून भिंतीला मोठा आरसा लावलेला होता, त्याच्यापुढे उभा राहून रुपराव भांग पाडत होता. आरशातल्या माणसाच्या उजव्या गालावर तीळ होता. कंगवाही उजव्या हातात होता. तो आरशातून भागीरथाबाईकडे पाहून हसला आणि ती जागच्या जागी वितळल्यासारखी झाली. पुढे जाऊन त्याच्या बाजूला उभी राहिली. आरशात दोघं शेजारी शेजारी, अगदी जोडीने.

कितीतरी वेळ ती नुसती पाहत होती. मग परत चारूजवळ आली.

"तिथं हे बरोबर हायेत," ती म्हणाली. "मीच चुकीच्या बाजूले उभी हावो. त्याईले नोको हात लावू. तू मलेच पलटव."

नाही म्हणायचं चारूच्या अगदी ओठांवर आलं. पण बाईचं कपाळ तिच्यासमोर होतं, घामाने भिजलेलं, आणि त्यावरचं कुंकू कडेने ओघळायला लागलं होतं.

तिने डार्करूमचं दार लावून घेतलं. लाल दिव्यात भागीरथाबाईची निगेटिव्ह शोधली आणि पालथी घातली. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवताना आधी कुंकू उमटलं, मग डोळे, मग नाकातली फुली. फुली उजव्या नाकपुडीत होती. फोटोतली बाई चारूकडे अशी पाहत होती, जणू दाराच्या पलीकडून कोणी हाक मारायची वाट बघतेय.

चारू ओला फोटो चिमट्यात धरून बाहेर आली. बाकावर दोघं खेटून बसली होती आणि आपसात काही बोलून हसत होती. भागीरथाबाईने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने डाव्या हाताने चारूचं मनगट धरलं आणि तळहात आपल्या छातीवर दाबला, डाव्या बाजूला. तिथे काहीच नव्हतं. मग तिने तो हात हळूच पलीकडे सरकवला. पातळाखाली, उजवीकडे, सावकाश, निवांत ठोके पडत होते.

"जुयलं," ती म्हणाली.

रुपराव उठला, त्याने डाव्या हाताने पिशवी घेतली. एसटी चुकेल म्हणून दोघं लगबगीने बाहेर पडली.

स्टुडिओत चारू एकटीच उरली. तिने आरशाकडे पाठ केली, स्वतःच्या छातीवर नेहमीच्या जागी हात ठेवला, आणि ठोका लागेपर्यंत तो काढला नाही.