गेनबाचा आवाज

रंगनाथअण्णांना भूत लागण्यात तसा तोटा काहीच नव्हता, उलट फायदाच होता. डॉक्टर आधी ताट हिसकावतो, मग तंबाखू, मग रात्रीच्या बैठका. भुताचं तसं नसतं. त्याला लिंबू, नारळ, फार तर एक कोंबडं. आणि कोंबड्याचा रस्सा शेवटी आपल्याच पोटात. शिवाय आजारी माणसाला लोक 'वजन कमी करा' म्हणून ऐकवतात, झपाटलेल्याला मात्र उठून नमस्कार करतात. खराडीच्या जुन्या गावठाणात, काचेच्या कंपन्यांना पाठ लावून उभ्या असलेल्या आपल्या चार मजली इमारतीत बसून अण्णांनी हा सौदा पक्का केला होता. केला आहे, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं, एवढंच.

पण काहीतरी लागलं होतं, हे खरं.

रात्री दोनच्या सुमाराला अण्णा दचकून उठत. छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखी आग होई. ती हळूहळू वर सरके, नरड्यापाशी येऊन थांबे, आणि मग कोणाची तरी बोटं गळा आवळत. तोंडात आंबट-कडू पाणी येई, श्वास आत जाईना. खिडकीबाहेर कंपन्यांचे दिवे जळत असत, तिथे रात्रपाळीची माणसं निवांत काम करत असत, आणि इथे पन्नास पावलांवर अण्णा मरत असत.

त्याहून भीती सकाळची. सकाळी अण्णा "चहा आण" म्हणत, आणि तो आवाज त्यांचा नसे. घोगरा, फाटका, शब्दाशब्दाला खाकरणारा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांच्या पत्नीच्या, द्वारकाबाईंच्या हातून कपबशी निसटली. तो आवाज गेनबाचा होता! अण्णांचे थोरले भाऊ गेनबा तीन वर्षांपूर्वी वारले होते. दहा वाजेपर्यंत त्या घरात गेनबा बोलत, मग हळूहळू अण्णा परत येत.

चार महिने असे गेले. अखेर मच्छिंद्र देवऋषी आला. अण्णांच्या गळ्याला राख लावून म्हणाला, "थोरल्याची जेवणावर वासना राहिलीय. अमावास्येला मध्यरात्री त्याच्या नावानं मटण-भाकरी खायची, घोटभर दारू घ्यायची. ताटात कण ठेवायचा नाही. खाल्लं की लगेच त्याच्याच पलंगावर उताणं पडायचं. उजाडेपर्यंत उठला नाहीत, तर तो सुटला. उठलात, तर तुमाला घेऊन जाईल."

सून श्रद्धा ऑफिसची बॅग खांद्याला लावत होती. ती म्हणाली, "बाबा, खाली आपल्याच गाळ्यात डॉक्टर नम्रता बसतात. नुसता जिना उतरायचाय."

"भाडेकरूपुढं जीभ काढून दाखवू व्हय? उद्या भाडं वाढवताना कुठल्या तोंडानं बोलू?"

"सध्या कुठल्या तोंडाने बोलताय, तेच कळत नाहीये बाबा."

द्वारकाबाई पदराआड हसल्या. हसता हसता खोकला आला, तशा त्या आत निघून गेल्या. कोणी पाहिलं नाही. त्या घरात द्वारकाबाईंकडे पाहायची पद्धत नव्हती. त्यांनी वाढलेल्या ताटाकडे पाहायची होती.

अमावास्या आली. अण्णा मध्यरात्री जेवले. गेनबाच्या वाटचं जेवले, आणि सवयीने आपल्याही वाटचं. मग थोरल्याच्या पलंगावर जाऊन पडले. मुलगा इंद्रजीत आणि श्रद्धा वरच्या मजल्यावर होते. द्वारकाबाई नेहमीप्रमाणे पुरुषांच्या मागून जेवल्या, साडेबाराला, पातेल्याच्या तळाचा रस्सा. पहाटे चारला नळाला पाणी येतं म्हणून त्या स्वयंपाकघरातच झोपत.

दोन वाजले.

तो आला. यापूर्वी कधी आला नव्हता असा आला. आग पोटातून थेट नाकापर्यंत चढली. अण्णांनी पलंगाच्या कडा धरल्या. उठलो तर मेलो, असं देवऋषी म्हणाला होता. नाही उठलो तर आत्ताच मरतोय, असं शरीर म्हणत होतं. अण्णा उठले! अंधारात धापा टाकत उभे राहिले. आणि तेव्हाच घराच्या आतल्या बाजूने खोकला ऐकू आला. घोगरा, फाटका. गेनबाचा.

अण्णांनी विचारलं, "कोण हाय?" तोही आवाज गेनबाचाच निघाला.

आतून गेनबाच्याच आवाजात उत्तर आलं, "मी."

भिंत चाचपत अण्णा स्वयंपाकघरापाशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं.

ओट्याखाली भिंतीला पाठ लावून, मागे घडी केलेली गोधडी घेऊन द्वारकाबाई बसल्या होत्या. गुडघे जवळ, हात गळ्यावर.

"तू... झोपली न्हाईस?"

"झोपले होते की."

"बसून?"

"आडवी झाले की आंबट पाणी वर येतं. गळा धरतं."

"कधीपासून?"

"इंद्रजीत चौथीत होता तवापासून."

इंद्रजीत आता सत्तावीस वर्षांचा होता.

"आन् सांगितलं न्हाईस!"

"कधी सांगू? तुमची जेवणं कधी उरकतात?" त्या नेहमीच्याच सुरात म्हणाल्या. "मला वाटलं, बाईमाणसाचं असंच असतं."

अण्णा त्यांच्यासमोर फरशीवर बसले. गेनबाच्या वासनेने चार महिने घर डोक्यावर घेतलं होतं, नवससायास झाले होते. आणि इथे ओट्याखाली तीच वासना सतरा वर्षं बसून होती, तिला कोणी एक लिंबूही कापलं नव्हतं!

सकाळी दोघं खाली उतरली. डॉक्टर नम्रतांनी आधी हृदयाचा आलेख काढला. "छातीत आग झाली की आधी हृदय बघायचं. अंदाज बांधत घरी बसायचं नाही," त्या म्हणाल्या. तो ठीक निघाला. मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अण्णा, हे जठरातलं आम्ल. जठराच्या तोंडाशी एक झडप असते. पोट तुडुंब भरून आडवं पडलं की ती नीट मिटत नाही, आम्ल वर चढतं. घशापर्यंत पोचलं की श्वास कोंडतो, सकाळी आवाज बसतो."

"मग आवाज गेनबाचाच का?"

"दोघं भाऊ एका पंगतीला किती वर्षं जेवलात?"

"पंचावन्न."

"किती वाजता?"

"अकरा, कधी बारा. मग लगेच आडवे."

"गेनबांना मी तपासलं नव्हतं, त्यामुळे ठामपणे सांगणार नाही. पण त्यांचाही घसा असाच जळत असावा. कोणी विचारलंच नसेल. आणि मच्छिंद्रांनी तुम्हाला मध्यरात्री मटण चारून उताणं झोपवलं? छान. आजार वाढवायचाच असता, तर मीही हेच लिहून दिलं असतं."

अण्णा कसंनुसं हसले.

"रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, आणि थोडं कमी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे. उशा रचू नका, त्यानं पोटच दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा. तंबाखू आणि दारू बंद, वजन उतरवा. गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, मी सांगेन तितकेच दिवस. काकू, आता तुम्ही."

"मला काय झालंय?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"भाकरी गिळताना अडकते?"

"आमटीत कालवली की जाते."

"वजन?"

"औंदा पोलकी दोनदा आत घेतली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "अण्णा, तुमचं काम गोळ्यांवर भागेल. काकूंची दुर्बिणीची तपासणी आजच व्हायला हवी."

तपासणी झाली, अन्ननलिकेतला मांसाचा बारीक तुकडा प्रयोगशाळेत गेला. उत्तर यायला पाच दिवस लागले. त्या पाच रात्री अण्णांचा घसा जळला नाही, पण त्यांना झोपही आली नाही. स्वयंपाकघराच्या दारात बसून ते बायकोचा श्वास ऐकत राहिले. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

कर्करोग नव्हता! मात्र वर्षानुवर्षांच्या जखमांनी अन्ननलिका आकसली होती. ती फुगा घालून रुंद करावी लागली, एकदा नव्हे, तीनदा. आणि गोळ्या आता बराच काळ चालणार होत्या.

त्या घरात आता साडेसातला पंगत बसते. एकच, सगळ्यांची. पहिल्या दिवशी द्वारकाबाई ताट घेऊन उभ्याच राहिल्या, कुठे बसायचं ते त्यांना कळेना. अण्णांनी सरकून जागा केली. "बस. वाढायला इंद्रजीत हाय," ते म्हणाले, स्वतःच्या आवाजात.

वाचकहो, रोज जळणाऱ्या छातीला भूत म्हणू नका, आणि 'नुसतं पित्त' म्हणून सोडा पिऊन झाकूही नका. घास अडकत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, उलटीत रक्त दिसत असेल किंवा शौच काळं होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि आज रात्री आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवतं, ती जेवून किती वेळाने आडवी होते, की आडवी होतच नाही, एवढं एकदा उठून पाहून या.

आता या सौद्याची किंमत कोणी किती मोजली, ते सांगतो. देवऋषीचं काही गेलं नाही, तो पुढच्या घरी गेला. अण्णांची तंबाखू सुटली आणि पोट चार बोटं आत गेलं. याला तोटा म्हणायचं असेल तर म्हणा. बाकी सगळं द्वारकाबाईंनी भरलं: बसून काढलेल्या सतरा वर्षांच्या रात्री, आणि कोरडी भाकरी. ती त्यांना आजही गिळता येत नाही.